जपानीच्या तीन लिप्या आणि मधला दलाल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानी शिकण्यावर जो लेख आला तो वाचला. नोकऱ्या, व्हिसा, पगार वगैरे माहिती छानच आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी वाचून आमच्या बडोद्यातल्या दांडिया बझारातल्या एका ओळखीच्या मुलाने क्लासचा भरलेला फॉर्म खिशात घालून ठेवला. एक म्हणजे जपानी वाचायला यायच्या आधी हजारो अक्षरं पाठ करावी लागतात, आणि दुसरी म्हणजे म्हणून पहिले काही महिने इंग्रजी अक्षरांतूनच जपानी शिकावं. पहिली अर्धी खरी आहे. दुसरीशी मात्र माझं भांडण आहे म्हणून हे पत्र, लांबेल थोडं, कापलंत तरी चालेल पण मधलं कापू नका.

मी भाषेचा माणूस नाही. तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारण्यात आयुष्य गेलं, कॉम्प्युटर आला आणि आमचं अक्षर कुणाला लागेनासं झालं. माझी पुतणी नर्सिंग झालीय, तिला केअरगिव्हर म्हणून जपानला जायचंय, त्यासाठी अलकापुरीत क्लास लावला. संध्याकाळी सहा ते आठ. येताना अंधार होतो म्हणून मी स्कूटरवर सोडायला आणि आणायला. पंधरा दिवस खाली पार्किंगमध्ये बसून डास मारले मग सर म्हणाले काका आत येऊन बसा की, तर आत जाऊन बसलो आणि बसलो तो बसलोच, आज त्याला दीड वर्ष झालं.

पहिला महिना पुस्तक अख्खं रोमन. म्हणजे जपानी वाक्य पण एबीसीडीत लिहिलेलं. आता आमच्या पोरांचं इंग्रजी मीडियम, रोमन अक्षर दिसलं की डोकं आपोआप इंग्रजीत जातं. जपानीत 'पर्यंत' याला 'मादे' म्हणतात, रोमनमध्ये ते एम-ए-डी-ई असं लिहितात, तर पोरं वाचायची 'टोकियो मेड'. 'ते तिकडचं' याला 'आरे', त्याचं केलं 'आर'. आणि हे एकदा जिभेवर बसलं की निघता निघत नाही, पुतणी अजून कधीकधी घसरते. मी मात्र वहीत पहिल्या दिवसापासून 'मादे' लिहिलं, 'आरे' लिहिलं, कारण मला दुसरं येतच नव्हतं, आणि वाचलो.

काखेत कळसा म्हणतात ते हेच हो. क, का, कि, की असं आवाजाप्रमाणे लिहायची सवय आपल्याला बालवाडीपासून, आणि आपण जपानी शिकायला इंग्रजीच्या दारातून जातो. मधे हा रोमन नावाचा दलाल कशाला?

आता अक्षरांबद्दल. जपानीत तीन प्रकारची अक्षरं असतात. हिरागाना ४६, काताकाना पण ४६ आणि आवाज दोन्हींचे तेच, आणि तिसरी कांजी म्हणजे चीनकडून आलेली चित्राक्षरं. हजारो जी काय आहेत ती कांजी. हिरागाना आलं की लहान मुलांचं पुस्तक वाचता येतं, त्यासाठी एकसुद्धा कांजी लागत नाही.

आणि त्या ४६ अक्षरांचा तक्ता सरांनी ज्या दिवशी फळ्यावर लिहिला त्या दिवशी मी चाटच पडलो. आ इ उ ए ओ. मग का-ची ओळ, सा-ची, ता-ची, ना-ची, हा-ची, मा-ची, या, रा, वा. क, (च), त, न, (प), म, य, र, व... ही तर आपली वर्णमाला! दोनच ठिकाणी अडतं, च-च्या जागी सा आणि प-च्या जागी हा. त्याचंही उत्तर आहे. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा-च्या ओळीचा उच्चार फार पूर्वी प होता, आणि पुरावा अजून अक्षरातच आहे बघा. का वर दोन बारीक टिकल्या दिल्या की गा होतो, ता वर दिल्या की दा होतो, आणि हा वर दिल्या की होतो बा. आता ह चा ब कसा काय होईल? प चाच ब होतो ना. सा-चंही तसंच, ती ओळ पूर्वी च-च्या जवळ जाणारी होती म्हणतात.

हे योगायोगाने झालेलं नाही. कूकाई नावाचा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि संस्कृत मंत्र ज्या सिद्धम् लिपीत लिहीत ती शिकून ८०६ मध्ये परत आला. अशा भिक्षूंच्या परंपरेत संस्कृत अक्षरांचा अभ्यास चालू राहिला आणि पुढे त्यातूनच जपानी अक्षरांची मांडणी आपल्या क्रमाने झाली. सिद्धम् अक्षरं आजही तिकडच्या देवळांत आणि थडग्यांवर दिसतात. म्हणजे जो क्रम आपण क्लासला जायच्या आधीच पाठ करून बसलोय तो इंग्रजी पुस्तकं नवीन म्हणून आपल्याला शिकवणार आणि आपण फी भरणार.

अजून एक गंमत जी मला कुठल्या पुस्तकात नाही सापडली, क्लासमध्ये बसून सुचली. सा-ची ओळ म्हणताना सा, सी, सु नाही म्हणत, सा, शी, सु, से, सो म्हणतात. पोरं विचारायची सर मधेच शी कुठून आला. मी म्हटलं अरे कसा, कशी, कसे! म्हैस, म्हशी! इ समोर आला की मराठीत पण स चा श होतोच की. तसंच ता-ची ओळ आहे ता, ची, त्सु, ते, तो. त्यातला त्सु हा इंग्रजी माणसाला जड जातो, आमच्या क्लासमधल्या गुजराती पोरांनाही जमत नव्हता ती सरळ सु म्हणायची, पण मराठी माणसाला 'चूल' म्हणता येते ना, 'चूक' म्हणता येते ना, मग झालं. चूल मधला च तो त्सु आणि चिमणी मधला च तो ची. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि कधी लक्षातही येत नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये पेपरात सुनामी लिहायचं की त्सुनामी याचा जो घोळ चालला होता तो आठवतो का? चूलवाला च घालून 'चुनामी' लिहिलं असतं तर आमच्या आजीने अचूक वाचलं असतं.

शेवटचं अक्षर न् आहे, ते तर आपला अनुस्वारच. पुढे ब किंवा प आला की म् सारखं बोलायचं, क आला की ङ् सारखं. वर्तमानपत्राला जपानीत 'शिंबुन' म्हणतात. रोमनमध्ये कुणी एन घालून लिहितं कुणी एम घालून, नेटवर भांडणं. आपण टिंब दिलं, विषय संपला.

असो, देवनागरीची तारीफ करताना तिचे खड्डे पण सांगायला हवेत नाहीतर उद्या कुणीतरी मलाच पत्र लिहील. पहिला खड्डा ऱ्हस्व-दीर्घ. आपण शुद्धलेखनात कायम मार खाल्ला तो इथेही खातो. जपानीत काकाला 'ओजिसान' आणि आजोबांना 'ओजीसान', फरक फक्त जि-जी चा. सगळा क्लास मला ओजिसान म्हणायच्या ऐवजी ओजीसान म्हणायचा, मी दर वेळी दुरुस्त करायचो, एका वात्रट पोराने तर सांगितलं काका चूक आमची नाहीये. इमारत म्हणजे 'बिरु' आणि बिअर म्हणजे 'बीरु', काताकानात मधे एक आडवी रेघ असते तेवढाच फरक, आमच्या गुजरातेत ती रेघ महागात पडेल. इ-उ चं तरी आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ वेगळं आहे. ए आणि ओ चं नाही आणि आ तर आपण नेहमी लांबच लिहितो, त्यामुळे मावशी आणि आजी, दोघी देवनागरीत 'ओबासान' च दिसतात, आजीचा बा जास्त ओढायचा. मी तिथे अवग्रह घालतो, ओबाऽसान (आजी), ओकाऽसान (आई). भजनाच्या वहीत घालतात तसा.

दुसरा खड्डा मोठा आहे. पुतणीने केलं काय की प्रत्येक जपानी अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी लिहून ठेवलं. अख्खं पुस्तक. दोन महिने धडाधड वाचत होती आणि परीक्षेत कोरं पान समोर आलं तर एक अक्षर ओळखू येईना, कारण डोळा वरचंच वाचत होता. म्हणजे मी दलाल काढून टाका म्हणतोय आणि तिने घरचाच दलाल बसवला! म्हणून देवनागरी फक्त आवाज समजून घ्यायला, तक्त्याच्या एका पानावर, बस. पुस्तकातलं सगळं मी स्वतः खोडरबरने पुसलं, तीन संध्याकाळी गेल्या.

आणि एका आवाजाला दोन-दोन अक्षरं कशाला, हा प्रश्न निदान बडोदेकराने तरी विचारू नये. आपण घरी पेपर बालबोधमध्ये वाचतो, खाली उतरलो की दुकानाची पाटी गुजराती, ग तोच, म तोच, फक्त डोक्यावरची रेघ गेली आणि ज, झ, ल, ब अशा थोड्यांचं रूप बदललं. आपल्याला कधी वाटलं का की आपण दोन लिप्या वाचतोय? हिरागाना-काताकाना तसंच आहे. हिरागाना गोलसर, घरचे शब्द आणि प्रत्यय लिहायला, काताकाना टोकदार, बाहेरून आलेल्या शब्दांना. टीव्ही तो 'तेरेबी', कॉफी ती 'कोऽही', ब्रेड तो 'पान'. हा पान पोर्तुगीजांनी दिलेला, आपला पाव पण त्यांचाच, एकाच भट्टीतले दोघं.

हिरागाना आले चिनी अक्षरं भरभर लिहिता लिहिता, आपली मोडी आठवा, हात न उचलता. आजोबांची गायकवाडी काळातली कागदपत्रं मोडीत आहेत आणि त्यात दोन शब्दांमध्ये जागाच नाही. जपानीतही शब्दांमध्ये जागा नसते! तेव्हा सगळं नुसतं हिरागानात लिहिलं तर शब्द कुठे संपला ते कळता कळत नाही, आणि तिथे कांजी उपयोगी पडते. मूळ शब्द कांजीत, त्याचे प्रत्यय हिरागानात, परदेशी शब्द काताकानात, असं एका ओळीत तिन्ही आले की डोळ्याला शब्द आपोआप सुटे दिसतात. मला हे कळेपर्यंत वाटायचं की हे लोक मुद्दाम त्रास देतायत.

लिहून बघा मात्र, हाताने. आता कॉम्प्युटरवर रोमनमध्ये टाइप केलं की कांजी आपोआप येते, जपानी पण तेच करतात आणि आपण नाही का मराठी तसंच टाइप करत. आणि जेएलपीटी म्हणून जी जपानीची परीक्षा असते, सगळ्यात सोप्या एन-५ पासून सगळ्यात अवघड एन-१ पर्यंत, तिच्यात एकही अक्षर हाताने लिहायचं नसतं, सगळं टिकमार्क. म्हणून पोरं लिहितच नाहीत. आणि मग भ आणि म, घ आणि ध मध्ये बालवाडीत जसा घोळ होतो तसा यांचा होतो, नु आणि मे, रु आणि रो, फरक फक्त शेपटीला गाठ आहे की नाही एवढाच. काताकानातले शी आणि त्सु तर जुळे भाऊ. दोघांना दोन छोटे फटकारे आणि एक लांब. छापलेलं बघून पटकन सांगता येत नाही पण लिहिताना लगेच कळतं कारण शी मध्ये छोटे फटकारे डाव्या बाजूला एकाखाली एक आणि लांब रेघ खालून वर जाते, त्सु मध्ये छोटे वरच्या बाजूला शेजारी शेजारी आणि लांब रेघ वरून खाली येते. रेघ कुठून सुरू झाली ते तिच्या जाडीवरून दिसतं, हे ड्राफ्ट्समनला शिकवावं लागत नाही. चौकडीची गणिताची वही घ्या, एका चौकोनात एक अक्षर, आडवी रेघ आधी उभी नंतर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मला हिरागानाला तीन आठवडे लागले. काताकानाला दोन महिने, कारण ते कमी भेटतं.

पाठांतरासाठी इंग्रजी पुस्तकातली चित्रं घेऊ नका, की म्हणजे किल्ली असलं, त्यांचे शब्द त्यांना लखलाभ. आपले करा. हिरागानातला कु बघा, उघडलेली चोच आहे, कुहू. सु म्हणजे सुतळी, मधे गाठ मारलेली. शी म्हणजे गळ, मासा लागला की शी!

छोट्या अक्षरांचं पण सांगतो कारण तिथे पुतणीची फजिती झाली. छोटा या-यु-यो मागच्या अक्षराला जोडून येतो, आपल्या जोडाक्षरासारखा. हॉस्पिटल म्हणजे 'ब्योऽइन', यात यो छोटा. यो मोठा काढलात तर होतो 'बियोऽइन', म्हणजे ब्युटी पार्लर. निबंधात तिने लिहिलं होतं की मी बडोद्याच्या मोठ्या ब्युटी पार्लरमध्ये नाइट ड्युटी करते. सर हसून हसून खाली बसले. ब्यो आणि बियो असं मनात लिहून मग कागदावर काढलं तर ही चूक होत नाही. छोटा त्सु आला की पुढचं व्यंजन दुप्पट, 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट.

लिहायचं एक वाचायचं दुसरं असंही दोनतीन ठिकाणी आहे, वाक्यातला 'वा' हा प्रत्यय 'हा' ने लिहितात, कोन्निचिवा मधला वा पण तोच. आपण 'सिंह' लिहून 'सिंव्ह' म्हणतो, चालायचंच.

आता कांजी, ज्याची भीती तुमच्या लेखाने घातली. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादी २१३६ अक्षरांची आहे. त्यातली १०२६ जपानी मुलं प्राथमिकच्या सहा वर्षांत शिकतात, पहिलीत फक्त ८०. सहा वर्षं, तीही आई-बाप जपानी बोलत असताना! आणि आपण सहा महिन्यांत का झाली नाहीत म्हणून रडतो. एन-५ ला साधारण शंभर आली तरी काम भागतं.

खरी डोकेदुखी संख्या नाहीच, एका कांजीचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार ही आहे. पण ते पण आपल्याला ओळखीचं आहे. समजा आपण पाण्याचं एकच चित्र काढायचं ठरवलं. ते एकटं आलं की वाचणार पाणी, पण त्याच्यापुढे आशय, प्रवास लागलं की तेच चित्र वाचणार जल, जलाशय, जलप्रवास. घरचा शब्द एकटा, संस्कृत शब्द समासात. जपानीत घरचा शब्द 'मिझु' आणि चिनी उच्चार 'सुई', तेच अक्षर. बुधवार म्हणजे 'सुइयोऽबी'. म्हणून उच्चारांच्या याद्या पाठ करू नका, अख्खा शब्द शिका. मी सुरुवात वारांपासून केली कारण सात अक्षरांत काम होतं आणि सातही पहिलीच्या ऐंशीतली, सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोनं, माती. आणि वार तर आपलेच! रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा, मंगळ त्यांच्याकडे अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा. एक गोष्ट चकवते, रविवार 'निचियोऽबी' मध्ये सूर्याचं अक्षर दोनदा येतं आणि पहिल्यांदा निचि वाचायचं, शेवटी बी. तेवढं खपवून घ्या.

झाडाचं अक्षर दोनदा काढलं की राई, तीनदा काढलं की घनदाट जंगल. माणूस झाडाला टेकला की विश्रांती. हे वाचून सोपं वाटतं पण सगळी कांजी अशी गोड गोष्ट सांगत नाहीत, बहुतेकांत एक भाग अर्थाचा आणि दुसरा नुसता उच्चाराचा असतो, जिथे गोष्ट नाही तिथे ओढूनताणून बसवू नका.

तेव्हा माझी विनंती अशी. तुमच्या बालपुरवणीत एकदा ४६ अक्षरांचा तक्ता देवनागरी उच्चारासकट छापा, एका पानात मावतो, आमच्याकडे बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिलेत, तिची ट्रेनिंगची संस्था बडोद्यातच आहे, पोरं जपानीचा विचार करणारच आहेत. आणि जपानी नावं छापताना आधी इंग्रजी स्पेलिंग बघून मग मराठी करू नका. शिंझो आबे किती वर्षं 'अॅबे' छापले गेले, सरळ आबे आहे, आपल्या आबासारखं. कराओके आहे, कॅरिओकी नाही.

शिंबुन हा शब्द दोन कांजीत लिहितात, पहिली 'नवं', दुसरी 'ऐकणं'. त्या दुसऱ्या अक्षरात दाराची चौकट आहे आणि चौकटीत एक कान. आमच्या वाड्यात दुपारी जे चालायचं ते अगदी हेच.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुतणीची परीक्षा आहे. फॉर्म मी पण भरलाय.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
दांडिया बझार, बडोदे

ता.क. लेखाच्या वर जे चित्र छापलंय त्यात काताकानात 'सुशी' लिहायचं असावं. दुसऱ्या अक्षराचे फटकारे वरच्या बाजूला आहेत आणि लांब रेघ खाली उतरलीय, म्हणजे ते 'सुत्सु' झालंय. आर्टिस्टला वर लिहिलेला शी-त्सु चा भाग दाखवा.